हात वर

शिट्टी वाजली तेव्हा आम्ही तिघं बास्केटखाली एकमेकांत अडकलो होतो. मधे जबलपूरकरांचा ताडमाड सेंटर, त्याच्या डावीकडे शामभाऊ आणि उजवीकडे मी. चेंडू रिंगला लागून बाहेर गेला होता. माझा पंजा त्या सेंटरच्या मनगटावर असा सणसणीत बसला होता की आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मला आला म्हणजे शामभाऊंनाही आलाच असणार. घड्याळात चोवीस सेकंद उरले होते आणि एकाहत्तर-सत्तर असे आम्ही एका गुणाने पुढे होतो.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नागपूरच्या आमच्या वॅगन कारखान्याचं सिमेंटचं मैदान, जानेवारीतली दुपार कलायला आलेली, आणि आंतरकारखाना स्पर्धेचा अंतिम सामना. पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून साहेबलोक बसले होते. मागे दोन पाळ्यांचे कामगार, भिंतीवर बसलेले, वॅगनच्या टपावर चढलेले, सगळे एकदम गप्प झाले.

पंच आमच्याकडे बघत होता. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात, पण तेव्हा नियम होता की ज्यानं फाऊल केला त्यानं स्वतः हात वर करायचा. पंचानं शिट्टी मारायची, गुन्हेगारानं हात उचलून कबूल व्हायचं, आणि मग पंचानं नोंद ठेवणाऱ्याच्या टेबलाकडे वळून बोटांनी त्याचा नंबर दाखवायचा. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. शामभाऊ नव्या पोरांना हा नियम मोठ्या गमतीनं शिकवायचे. म्हणायचे, "सारी दुनिया हात वर करून सुटते, अन् आपन हात वर करून फसतो. खेळच उलटा हाय हा." पोरं खिदळायची आणि नियम जन्मभर लक्षात राहायचा.

त्या क्षणी माझे चार फाऊल झाले होते. शामभाऊंचेही चारच. माझा नंबर चौदा, त्यांचा चार. त्या काळी नंबर चारपासून सुरू व्हायचे, आणि दहाच्या वरचा नंबर दाखवायचा तर एका हाताची मूठ म्हणजे दहा, आणि दुसऱ्या हाताची उरलेली बोटं. पंचानं टेबलाकडे वळून डाव्या हाताची मूठ उचलली होती. उजव्या हाताची चार बोटं वर येत होती. मूठ आणि चार. म्हणजे मी.

माझा हातही तेव्हा उचलायला निघालाच होता, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं. निघाला नव्हता. तो कमरेवर होता आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात माझ्या बाजूला शामभाऊंचा हात सरळ वर गेला. पंचानं पाहिलं, जरासा गोंधळला, मग त्यानं मूठ खाली सोडली. टेबलाला नुसती चार बोटं दिसली. लिहिणाऱ्यानं चार नंबरच्या पुढे पाचवी फुली मारली. शामभाऊंनी बनियनचं टोक ओढून तोंड पुसलं आणि कोणाकडेही न बघता बाकावर जाऊन बसले. तेरा वर्षांच्या खेळाचा शेवट असा झाला.

शामराव वैरागडे हा माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कारखान्यात आम्ही पंधराएक जण खेळाडू म्हणून भरती झालेलो. कागदावर कोणी फिटर, कोणी खलाशी म्हणजे हाताखालचा मदतनीस, कोणी लोहार. प्रत्यक्षात जेवणाच्या भोंग्यापर्यंत हजेरी लावायची आणि मग मैदान गाठायचं. पोट चेंडूवर चालायचं. शामभाऊ आमचे नऊ वर्षं कप्तान. दोनदा देशाच्या संघाच्या शिबिराला जाऊन आलेले. उंची पाच फूट दहा, म्हणजे या खेळात बुटकेच, पण चेंडू घेऊन आत घुसले की समोरचे सहाफुटे आपापसात आदळायचे. इतवारीच्या बाजारात त्यांच्याकडून चहाचे पैसे कोणी घेत नसे. मी कारखान्यात आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि मला डाव्या हातानं चेंडू टाकायला त्यांनी शिकवलं. तीन महिने उजवा हात कमरेला पंच्यानं बांधून ठेवला होता माझा. जेवतानाही सोडू द्यायचे नाहीत.

पण छत्तिसाव्या वर्षी गुडघा बोलायला लागतो. शामभाऊंचा तर ओरडत होता. खेळणं संपलं की खेळाडूला त्याच्या कागदावरच्या कामावर परत जावं लागे, आणि शामभाऊ कागदावर लोहार होते. लोहारशाळेत आठ तास उभं राहायचं, तेही त्या गुडघ्यावर. त्याच वर्षी कारखान्यात पहिल्यांदा कोचची जागा मंजूर झाली होती. ती शामभाऊंनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. फक्त अंतिम सामना संपला की कागद निघायचा होता.

तर सामना असा संपला. त्या सेंटरनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. आम्ही एका गुणानं मागे पडलो. शेवटचा चेंडू नेहमी शामभाऊंकडे जायचा. आता ते बाकावर होते, म्हणून तो माझ्याकडे आला. मी टाकला. तो रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. वॅगनवरून कोणीतरी मला मनापासून शिवी दिली. मला मात्र त्या वेळी शिव्यांचं काही नव्हतं. मला एकच गोष्ट कळली होती, किंवा कळली असं वाटलं होतं: या माणसानं माझ्यासाठी हात वर केला. पहिल्या रांगेत निवड समिती बसली आहे, माझी नोकरी अजून पक्की नाही, शेवटच्या क्षणी मी मैदानावर दिसावा म्हणून यांनी आपला शेवटचा सामना सोडला. कपडे बदलताना मी त्यांच्याजवळ गेलो. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले की चेंडू टाकताना तुझं कोपर बाहेर जाते, किती वेळा सांगाचं. आणि लंगडत सायकलकडे गेले.

सोमवारी अकरा वाजता परचुरेसाहेबांनी मला बोलावलं. परचुरे आमचे कामगार कल्याण अधिकारी, आणि खेळाचं सगळं त्यांच्याच हातात. माणूस वाईट नव्हता. पुण्याकडचा, शिस्तीचा, कधी आवाज चढवायचा नाही. त्यांची केबिन म्हणजे मोठ्या खोलीत प्लायवूडची अर्ध्या उंचीची भिंत उभी करून केलेला एक कोपरा होता. आत टेबलावर दोन फाइली होत्या. वरची माझी होती हे मला उलटं वाचूनही कळलं.

मी तीन वर्षं हंगामी होतो. एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा एकोणनव्वद दिवस. नव्वदावा दिवस भरला तर माणूस पक्का करावा लागतो, म्हणून तो कधी भरू द्यायचा नाही अशी पद्धत. त्या एका दिवशी मी घरात बसून राहायचो आणि पुढची ऑर्डर येईल की नाही याचा विचार करायचो. असे मी बारा दिवस काढले होते. तेरावा काढायची ताकद माझ्यात नव्हती.

साहेबांनी बसायला सांगितलं. ते कधी कामगाराला बसायला सांगत नसत. म्हणाले की स्पर्धेच्या निरीक्षकांचा अहवाल आला आहे; त्यात लिहिलंय की चोवीस सेकंद उरलेले असताना कप्तानानं भान सोडून फाऊल केला आणि संघाला सामना गमवावा लागला. कोचच्या जागेसाठी वरून विचारणा आहे. ज्याचं स्वतःचं डोकं ऐन वेळी ठिकाणावर राहत नाही त्याच्या हातात पंधरा पोरं कशी द्यायची, असं वरचे म्हणतायत. हे सगळं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"गुणवंत, तू अगदी शेजारी होतास. मला एकच सांग. तो फाऊल वैरागड्यांचाच होता ना?"

हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कोणाचा. आणि त्याच्या पुढचा, मग तू हात का वर केला नाहीस. फाऊल करणं हा गुन्हा नव्हता, तो रोज होतो. फाऊल करून हात खाली ठेवणं ही आमच्या खेळात चोरी होती. खेळाडू म्हणून भरती झालेल्या, एकोणनव्वद दिवसांच्या माणसानं ती साहेबांसमोर कबूल करायची होती.

"मला नीट दिसलं नाही, साहेब," मी म्हणालो. "गर्दी होती."

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. त्यांना मी आणखी काही बोलावं असं वाटत होतं, हे मला आजही खात्रीनं सांगता येईल. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. मग त्यांनी वरची फाइल उचलून बाजूला ठेवली आणि मला जायला सांगितलं. तोंड कोणाला दिसू नये म्हणून मी मागच्या बाजूनं, कारकुनांच्या टेबलांमधून बाहेर पडलो. मैदानावर हात खाली ठेवला आणि केबिनमध्ये वर केले, असा मी.

पुढच्या महिन्यात मी पक्का झालो. शामभाऊ लोहारशाळेत गेले. कोच म्हणून बाहेरून एक जण आला, दोन वर्षांनी गेला, मग दुसरा आला. मी खेळत राहिलो. बक्षिसं मिळाली, नाव झालं, लग्न झालं. मैदान आणि लोहारशाळा यांच्यामधे फार तर तीनशे पावलं आणि एक रूळ. ती मी सहा वर्षांत एकदाही चाललो नाही. शामभाऊ गेटवर भेटले तर मी भाऊ म्हणून वाकायचो, ते कोपर कसं आहे म्हणून विचारायचे, आणि दोघं आपापल्या वाटेनं जायचो. कँटीनमध्ये जुनी माणसं नव्यांना सांगताना मी कितीदा ऐकलं: वैरागडे म्हणजे वाघ होता, पण शेवटी डोकं फिरलं त्याचं, सामना घालवला. मी चहाचा पेला घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचो. झोप उडाली वगैरे काही नाही. नुसता थकवा असायचा, काही काम न करता आलेला.

त्र्याण्णव साली कोचची जागा पुन्हा मोकळी झाली आणि माझ्या नावाची ऑर्डर आली. त्या दिवशी मात्र माझे पाय आपसूक रुळाकडे वळले. जेवणाची सुट्टी होती. भट्ट्या मंदावल्या होत्या तरी लोहारशाळेत उकाडा असा की शर्ट दोन मिनिटांत अंगाला चिकटला. शामभाऊ खिडकीपाशी एका लाकडी पेटीवर बसून डबा खात होते. डावा पाय दुसऱ्या पेटीवर सरळ ठेवलेला. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण कोणी पंचावन्न म्हटलं असतं तरी पटलं असतं.

मला पाहून त्यांनी पाय खाली घेतला, जागा केली, आणि कोचसाहेब आले म्हणून शेजारच्याला ओरडून सांगितलं. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधीच पोचली होती. डब्याच्या झाकणात एक पोळी आणि वांग्याची भाजी काढून माझ्यापुढे सरकवली. मी खाल्लं नाही. शेजारचा हात धुवायला गेल्यावर एका दमात बोलून टाकलं.

"भाऊ, तो फाऊल माहा होता."

"मंग? मले का मालूम नाही?" ते खातच होते. "पंचानं मूठ उचलली होती. मी पन पाहिली."

"तुम्ही माह्यासाठी हात वर केला, अन् मी..."

"तुह्यासाठी?" त्यांचा घास थांबला. "तुले कोन म्हनलं?"

ते माझ्याकडे असं बघत होते की मला लहान झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी डबा बाजूला ठेवला, बोटं झाकणाला पुसली आणि खालच्या आवाजात बोलायला लागले.

"गुन्या, दुसऱ्या हाफपासून माहा गुडघा जवाब देऊन राहिला होता. कोनाले सांगितलं नाही. ते शेवटचे चोवीस सेकंद मले पळनं होनार नव्हतं. चेंडू त तुम्ही माह्याचकडे देनार. अन् पुढच्या रांगेत सारे साहेब बसलेले. माह्या हातून गेला असता, त्यायच्यासमोर, त मंग काय राहिलं असतं? तू हात उचलून नव्हता राहिला, म्हनून मी उचलून घेतला. मले बसाचं होतं बे. दुनिया करते तसेच मी बी हात वर केले. लबाडी माही होती. तिचं ओझं तू नको घेऊ."

खरं सांगतो, मला हसू आलं. सहा वर्षं पाठीवर वाहिलेली गोणी कोणी उतरवावी तसं झालं. माझ्यासाठी नव्हतंच ते. मी पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पन केबिनमधलं निराळं," शामभाऊ म्हणाले.

तुकडा तोंडातच राहिला.

"तू आत होता तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो. तुह्यानंतर मलेच बलावलं होतं. ते भिंत त तुले मालूमच हाय केवढी होती." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी खरं सांगाले गेलो होतो, गड्या. घरून ठरवून गेलो होतो. म्हनलं साहेबाले सांगतो, फाऊल पोराचा होता, माहा गुडघा गेला होता म्हनून मी हात उचलला. जे होईन ते होईन. भान सोडलं असं त नाही म्हननार कोनी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू सांगून बसला होता ना, की दिसलं नाही म्हनून. आता मी खरं बोलतो त तू खोटा पडतं. एकोननव्वद दिवसाचा मानूस. त्याच दिवशी गेटाबाहेर केलं असतं तुले." त्यांनी डबा परत मांडीवर घेतला. "साहेबानं विचारलं, फाऊल कोनाचा? म्हनलं, माहा. भान सुटलं होतं का? म्हनलं, सुटलं होतं. ते मात्र तुह्यासाठी केलं. तेवढं ध्यानात ठेव."

शेजारचा माणूस हात पुसत परत आला आणि आम्हाला पाहून पुन्हा बाहेर गेला. मी उठलो. म्हणालो की आत्ताच्या आत्ता जातो आणि सगळं सांगतो. मला सांगायचंच होतं. त्या घटकेला तरी होतं.

"कोनाले सांगतं?" शामभाऊ म्हणाले. "परचुरेसाहेब रिटायर होऊन पुन्याले गेले. अन् सांगशीन, त उद्या पोरायले कोन शिकवन? पुन्हा बाहेरचा येईन. मी त काही येत नाही आता मैदानावर." आणि मग, मला वाटतं माझी अवस्था बघूनच, म्हणाले, "जाय. पोरं वाट पाहत असतीन."

भोंगा झाला. ते पेटीला धरून उठले. मी हात पुढे केला होता, तो त्यांना दिसला नाही किंवा त्यांनी पाहिला नाही. मी रूळ ओलांडून मैदानावर आलो. पंधरा पोरं रांगेत उभी होती. मी त्यांना पळायला लावलं. आणि त्या वेळी माझ्या मनात जे होतं ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: त्यांनी जा म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं.

मी त्या मैदानावर बावीस वर्षं कोच होतो. शामभाऊ एकदाही तिकडे आले नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. कारखान्यानं खेळाडूंची स्मरणिका काढायचं ठरवलं, त्यात त्यांच्यावर एक पान होतं. कोणीतरी तरुण मुलीनं जुन्या लोकांना विचारून विचारून लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. दोन शिबिरं, नऊ वर्षं कप्तान, आत घुसण्याची ती चाल. आणि शेवटचं वाक्य: 'दुर्दैवाने अखेरच्या सामन्यात त्यांचा संयम सुटला आणि कारकिर्दीला गालबोट लागले.' छापण्याआधी तपासायला म्हणून तिनं ते पान माझ्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, सर, त्या वेळी तुम्ही प्रत्यक्ष तिथे होतात, काही चूक असेल तर सांगा.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मथळ्यात 'वैरागडे'मधला काना राहिला होता. तेवढा दिला आणि पान परत पाठवलं.